निळसर मणी

थेरगावच्या निलोफर शिकलगारला तुम्ही डांगे चौकात पाहिलं असेल, तर भाजीवाल्याशी हुज्जत घालतानाच पाहिलं असेल. पावशेर मिरचीत दोन मऊ निघाल्या तरी घरून परत येऊन बदलून नेणारी बाई ती. नवरा अझहर चौकाच्या मागं दुचाक्यांचं गॅरेज चालवतो. तो म्हणायचा, हिच्या हातात इंजिन देऊ नका, आयुष्यभर खोलून बसेल. अशा काटेकोर बाईच्या हातून ही चूक झाली, म्हणून तर सांगायची. गबाळ्या माणसाच्या चुकीची गोष्ट कोण ऐकतं?

पिंपरीच्या कॉलेजातून ती केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाली आणि पहिली नऊ वर्षं तिनं चाकणला काढली. गाड्यांच्या सुट्या भागांना जस्ताचा मुलामा देणारी कंपनी होती. टाक्यांमधलं द्रावण आणायचं, त्यात थेंब टाकायचे, रंग बघायचा आणि कागदावर पास किंवा नापास लिहायचं, हे तिचं काम. आता चाकणचा एक कायदा आहे, तो कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. गेटवर ट्रक उभा राहिला की माल द्यायचा. मोठ्या कंपनीची लाइन आपल्यामुळं थांबली, तर मालकापासून शिपायापर्यंत सगळ्यांची खरडपट्टी निघते. म्हणून रंग हवा तसा आला नाही, जरा इकडंतिकडं झाला, की साहेब यायचा, नळी उजेडात धरायचा आणि म्हणायचा, डेव्हिएशनवर सोड. डेव्हिएशन म्हणजे एवढ्या वेळेपुरती सवलत. त्याचा छापील कागद असायचा, त्यावर सही व्हायची आणि ट्रक निघायचा. नऊ वर्षांत त्या सवलतीपायी कुणाचा जीव गेला नाही. कुठल्या ब्रॅकेटवर ठरल्यापेक्षा वर्षभर आधी गंज चढला असेल, तो बघायला कोण बसलंय! पण नऊ वर्षांत ती सवय निलोफरच्या डोळ्यांत उतरली. मिरची मऊ निघाली तर तिला चालायचं नाही, पण नळीतला रंग 'जरासा' वेगळा असला तर चालायचा.

मग ती माणला आली. आयटी पार्कच्या पाठीमागं, जिथं परवापरवापर्यंत ज्वारी डोलत होती, तिथं दोन मजल्यांची एक छोटी कंपनी आहे. लस शोधायचं काम चालतं. डॉक्टर दिव्या सपकाळ तिथल्या प्रमुख; सगळे त्यांना मॅडम म्हणतात. पहिल्याच दिवशी मॅडमनी निलोफरला समोर बसवून कामाचं कारण सांगितलं. घशाला धरणारा एक जंतू आहे. पोराचा घसा दुखतो, चार दिवस ताप येतो, आई हळद घालून दूध पाजते, पोर खेळायला जातं. पण एखाद्या पोराच्या बाबतीत जंतूशी लढायला उठलेली शरीराची फौज स्वतःच्याच हृदयावर तुटून पडते आणि झडप जन्माची अधू होते. निलोफरला हे समजावून सांगायची गरज नव्हती. तिची मावसबहीण उझ्मा त्यातलीच. दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन घेते आणि दोन जिने चढली की भिंतीला टेकून उभी राहते.

या जंतूवर लस करायची, पण अख्खा जंतू वापरायचा नाही, कारण त्याचे काही भाग हृदयातल्या भागांसारखेच दिसतात आणि शरीर फसतं. म्हणून त्याच्या अंगावरचा एक छोटा, निर्धोक तुकडा निवडायचा आणि तो प्रयोगशाळेत कडीला कडी जोडून बनवायचा. त्याला पेप्टाइड म्हणतात. अडचण अशी, की एवढ्याशा तुकड्याला शरीर भीकच घालत नाही. त्याला जागं करायला सोबत काहीतरी चेतवणारं लागतं. बाकीचे लोक ते वेगळं मिसळतात. मॅडमचा हट्ट असा, की ते साखळीलाच जोडून टाकायचं. साखळीच्या टोकाला चरबीची एक शेपटी. जंतूंच्या अंगावर तसलीच चरबी असते. ती दिसली की शरीर खडबडून उठतं. निलोफरनं घरी हे सांगितलं तेव्हा अझहर म्हणाला, म्हणजे हॉर्न गाडीलाच बसवला, मागं ओरडायला माणूस ठेवला नाही. मॅडमना हे इतकं आवडलं, की पुढं आलेल्या-गेलेल्याला त्या ते स्वतःचं म्हणून सांगायला लागल्या.

शेपटी जोडायचं काम निलोफरचं. रव्यापेक्षा बारीक मणी असतात, त्यांच्या अंगावर साखळी वाढत जाते. प्रत्येक कडी बसली की चिमूटभर मणी काढायचे, तीन बाटल्यांतले दोन-दोन थेंब टाकायचे आणि पाच मिनिटं गरम करायचं. मणी पिवळे राहिले तर सगळ्या साखळ्यांना कडी बसली. निळे झाले तर काही टोकं उघडीच राहिली, पुन्हा करा. एवढं सोपं. निळा की पिवळा, हे शेंबडं पोरही सांगेल.

खालच्या मजल्यावर उंदीर. त्यांचा कारभार मालोजीकाकांकडं. मालोजी मूळचे माणचेच. जमीन पार्कात गेली, गोठा उरला, आणि साठीच्या आसपास हे गृहस्थ कंपनीत लागले. गावात त्यांचं नाव वेगळ्याच कारणासाठी. कुणाची गाय अडली, वासरू आडवं आलं, की जनावरांच्या डॉक्टरच्या आधी मालोजीला हाक जायची. हाताला गुण आहे म्हणायचे लोक. उंदरांनाही त्यांनी तोच हात लावला. पिंजऱ्यातला भुसा बदलताना त्यांच्याशी बोलायचे. नवीन पोरंपोरी हसायची. पण सुई टोचताना मालोजींच्या मुठीतला उंदीर कधी चावला नाही, हेही त्यांनीच पाहिलं होतं. निलोफरला ते पोरी म्हणायचे. रमजानात ती उपाशीपोटी काम करायची तर मुद्दाम तिच्यासमोर डबा खायचे नाहीत, आणि संध्याकाळी गोठ्याजवळच्या वाफ्यातल्या चार काकड्या तिच्या पिशवीत टाकून जायचे.

तर फेब्रुवारीतला शुक्रवार. शेपटीचं रसायन परदेशातून आलेलं, एवढीशी बाटली, ती त्या दिवशी संपली होती. पुन्हा मागवायचं तर तीन आठवडे. खाली वीस उंदीर नेमक्या वयाचे होऊन बसलेले. सोमवारी पहिली सुई ठरलेली. निलोफरनं मणी काढले, थेंब टाकले, पाच मिनिटं गरम केलं, आणि नळी खिडकीपाशी धरली. द्रावण पिवळट होतं. मण्यांवर मात्र, अगदी तळाशी, आकाशी छटा होती. गडद नाही, जराशी. ती तिला दिसली. दिसली नाही असं नव्हे, हे तिनं पुढं कधीच नाकारलं नाही. पण तिच्या डोक्यात गेटवर ट्रक उभा राहिला. शंभरातली पाच-दहा टोकं उघडी राहिली असतील, तिनं स्वतःला सांगितलं. बाकीच्यांना शेपटी आहे ना? चालून जाईल. इथं डेव्हिएशनचा कागद नव्हता, सही करायला साहेब नव्हता. तिनं वहीत लिहिलं, पिवळा.

पुढं रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्रात नमुना गेला, त्यात शेपटीवाली साखळी दिसली. पण दिसणं वेगळं आणि किती आहे हे वेगळं. ते कळायला माल दुसऱ्या एका यंत्रातून गाळून घ्यावा लागतो, आणि ते यंत्र या चिकट चरबीनं तुंबून दुरुस्तीला गेलेलं. उंदरांना टोचायच्या मालाचा हा पहिलाच घाणा आहे, वही पिवळी म्हणतेय, म्हणून मॅडमनी सोमवारची सुई चुकू दिली नाही. दहा उंदरांना लस, दहांना नुसतं पाणी. पंधरा-पंधरा दिवसांनी तीन वेळा टोचून मे महिन्यात सगळ्यांना जंतू दिला. आठवड्याभरात लस न घेतलेल्या दहातले नऊ गेले. लस घेतलेल्या दहातलेही आठ गेले.

मालोजींनी ते आठ एकेक करून बाहेर काढले. नेहमी पिंजऱ्याशी बोलणारा माणूस त्या आठवड्यात गप्प होता. निलोफर एकदा खाली गेली तर म्हणाले, जेवण जात न्हाई पोरी. तिनं मान हलवली आणि वर आली. लस फसायला शंभर कारणं असतात, असं ती जिन्यात स्वतःला समजावत होती.

मग जूनमध्ये चौकशी बसली. पैसे लावणाऱ्यांना कारण हवं होतं, आणि कारण सापडलंही. मार्चमध्ये एका दुपारी उंदरांच्या खोलीतला एसी दीड तास बंद पडला होता, आणि त्या दीड तासात मालोजी जागेवर नव्हते. केसरबाईची गाय अडली होती. केसरबाई विधवा बाई, एकुलती एक गाय, रडत गेटवर आली. मालोजी कुणाला न सांगता गेले, वासरू ओढून काढलं आणि परत आले. वहीत नोंद केली नाही. उंदीर उकाड्यानं दमले, त्यामुळं लस अंगी लागली नाही, असा निष्कर्ष निघाला. मॅडमना तो मनापासून पटला नव्हता म्हणतात. पण कारण सापडलं की माणसाला हायसं वाटतं, शिकलेल्यालाही.

चौकशीच्या आदल्या दिवशी सगळे जेवायला गेले असताना निलोफरनं फ्रिज उघडला. प्रत्येक घाण्यातले थोडे मणी एका छोट्या कुपीत जपून ठेवायची पद्धत आहे. तिनं त्यातले चिमूटभर काढले, थेंब टाकले, गरम केलं. आणि ह्या वेळी नीट पाहिलं. खिडकीचा पडदा सारून, पांढऱ्या कागदावर नळी धरून, चाकणचा डोळा मिटून. निळे. शाईसारखे नव्हे, पण निळेच. पाच-दहा नाही, निम्म्याहून जास्त साखळ्या बोडक्या होत्या. हॉर्न बसलाच नव्हता. तिनं नळी धुतली, कुपी परत फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात ठेवली आणि डबा न उघडताच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मॅडमनी विचारलं, "निलोफर, तुझा घाणा बरोबर होता ना?"

"हो मॅडम. मणी पिवळे होते."

बास. एवढंच वाक्य. समोर मालोजी बसले होते, हात गुडघ्यांवर. त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. गेलो व्हतो म्हणाले, चूक झाली म्हणाले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच; फक्त इथं संन्याशानं स्वतःच मान पुढं केली आणि चोर शेजारच्या खुर्चीवर पाणी पीत बसला. महिनाअखेरीला मालोजींना कामावरून काढलं. जाताना त्यांनी पिंजऱ्यांच्या खोलीच्या उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. निलोफरच्या पिशवीत त्या दिवशीही काकड्या होत्या. त्या तिनं घरी नेल्या नाहीत, बसमध्येच विसरल्यासारखं करून सोडल्या.

त्यानंतरचे चार महिने कसे गेले हे अझहरला विचारावं. खाई त्याला खवखवे. बाई घरात साधी चहाची पातेली तीन-तीनदा घासायला लागली. डांगे चौकात भाजीवाल्याशी भांडेनाशी झाली. त्यानं सडका टोमॅटो दिला तरी गुपचूप घेऊन यायची. शेवटी भाजीवाल्यालाच काळजी वाटून त्यानं अझहरला विचारलं, भाभी आजारी आहेत का? नमाजाला बसली की दुआ मागताना हात उचलायचे नाहीत, नुसती बसून राहायची. एकदा तिनं अझहरला आडून विचारलं, समजा गाडीचं काम चुकलं आणि गिऱ्हाइकाला कळलंच नाही, तर? अझहरला वाटलं ती गॅरेजबद्दलच विचारतेय. तो सांगत बसला, की एकदा ब्रेकचा नट पिळायचा राहिला आणि गिऱ्हाईक निघून गेलं. ध्यानात आल्यावर तो हातातला पाना तसाच घेऊन सांगवीपर्यंत मागं गेला, त्या माणसाला दारात गाठलं, शिव्या खाल्ल्या आणि नट पिळून आला. शिव्या पोटभर मिळाल्या, म्हणाला तो, पण त्या दिवशी झोप चांगली लागली. निलोफरला सांगवी जवळ आणि माण फार लांब वाटत होतं.

काय अडवत होतं तिला? नोकरी, हे तर खरंच. पण त्याहून जास्त, मालोजींचं तोंड. आपण खोटं बोललो तेव्हा ते आपल्याकडं बघत होते आणि त्यांना आपल्याबद्दल जराही शंका आली नव्हती, हे तिला सोसवत नव्हतं. शंका घेतली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटायचं.

खंडेनवमी आली. इकडं चाकणपासून भोसरीपर्यंत त्या दिवशी यंत्रांना हळदकुंकू लागतं, झेंडूच्या माळा चढतात, आणि त्याच्या आधी दोन दिवस झाडलोट. मॅडमही त्या दोन दिवसांत सगळं आवरायच्या. त्यांनी निलोफरला बोलावून सांगितलं, की शेपटीचा नाद आपण सोडतोय. पैसे लावणाऱ्या वरच्यांना आता जुन्याच पद्धतीनं जायचंय, वेगळं मिसळून. सहा वर्षांचं काम होतं त्यांचं. पण सांगताना आवाज चढला नाही की पडला नाही. म्हणाल्या, फ्रिजमधलं शेपटीचं सगळं काढून टाक, जागा होईल.

निलोफरनं फ्रिज रिकामा केला. मागच्या कोपऱ्यातली कुपी शेवटी हाताला लागली. एवढीशी कुपी, तळाला चिमूटभर मणी. ही कचऱ्यात गेली की जगात कुणालाही काही सिद्ध करता येणार नव्हतं. वही पिवळी म्हणत होती, मालोजींनी कबूल केलं होतं, मॅडमनी नाद सोडला होता. पिवळ्या पिशवीत टाकायची, तोंड बांधायचं, की संपलं. सुटली असती बाई. तिनं पिशवीचं तोंड उघडलंसुद्धा.

आणि तिच्या ध्यानात आलं, की हे टाकलं तर मालोजींनीच उंदीर मारले हे कायमचं खरं होईल. आजवर ते खोटं होतं, कारण ही कुपी होती. ती तिथंच स्टुलावर बसली आणि रडली. मोठ्यानं नाही, पण शेजारच्या पोरीनं येऊन काय झालं विचारावं इतपत. मग तिनं तोंड धुतलं आणि कुपी घेऊन मॅडमच्या खोलीत गेली.

तिनं सगळं सांगितलं. शुक्रवार, आकाशी छटा, चाकणची सवय, चौकशीच्या आदल्या दिवसाची तपासणी. सवयीचं सांगताना तिलाच ते कारण पांगळं वाटलं. सवय फेब्रुवारीत होती. जूनमध्ये ती जे बोलली ते सवयीनं नव्हे, उघड्या डोळ्यांनी. तेही तिनं सांगितलं. मॅडम उठल्या, स्वतः मणी काढले, स्वतः थेंब टाकले. ती पाच मिनिटं दोघी नळीकडं बघत उभ्या होत्या. मणी निळे झाले.

"मालोजींना मी काढलं," मॅडम म्हणाल्या. "माझ्या सहीनं."

ओरडल्या असत्या तर निलोफरला सोपं गेलं असतं. त्या ओरडल्या नाहीत. सहा महिने निलोफरनं मण्यांना हात लावायचा नाही, काचेची भांडी धुवायची, असं ठरलं. वरचे तर तिला काढायलाच निघाले होते, पण मॅडमनी सांगितलं, की खोटी वही लिहिणारे मला खूप भेटलेत, ती फाडायला परत येणारी ही पहिलीच. शेपटीचं काम पुन्हा सुरू झालं. आधीच सांगून टाकतो, नाहीतर जीव टांगणीला लागेल: पुढच्या उन्हाळ्यात नव्या घाण्याची लस घेतलेल्या दहातले आठ उंदीर जगले. लस अजून लांब आहे, उझ्माच्या झडपेला तिचा उपयोगही नाही. पण आठ जगले. पण माझी गोष्ट तिथं संपत नाही. ती संपते दसऱ्यानंतरच्या रविवारी, माण गावात.

मालोजींना परत कामावर घेतल्याचं पत्र तयार झालं होतं. ते टपालानं जाणार होतं. निलोफर म्हणाली, मी नेते. अझहर गाडीवर सोडायला आला. तोवर त्यालाही सगळं कळलं होतं. गावाच्या वेशीशी तो थांबला आणि म्हणाला, पुढं तुझं तू जा, नट तुला पिळायचाय.

मालोजी ओट्यावर बसले होते. पोरीला बघून खुलले. चहा टाकायला आत सांगितलं, अझहरची, उझ्माची चौकशी केली. निलोफरनं पत्र पुढं केलं आणि चहा यायच्या आत बोलून टाकलं, नाहीतर तिच्यानं ते बोलवलं नसतं. उंदीर उकाड्यानं गेले नव्हते. माझ्या घाण्यात खोट होती, मला ती माहीत होती, आणि तुमच्या समोर मी खोटं बोलले.

मालोजींनी पत्र उघडलं नाही. बराच वेळ ते स्वतःच्या हातांकडं बघत राहिले, पालथे, मग उताणे.

"म्हंजी उंदरं माज्यामुळं न्हाई मेली?"

"नाही काका. माझ्यामुळं."

ती शिव्यांची वाट बघत होती. शिव्या आल्या नाहीत. मालोजी सांगायला लागले ते दुसरंच. नोकरी गेली त्याचं काही नव्हतं, म्हणाले, नोकरी काय, आज हाय उद्या न्हाई. पण एका गायीपायी तेवढे मुके जीव आपण घालवले, हे त्यांच्या मनानं घेतलं होतं. त्यांनी भैरोबाच्या देवळात जाऊन शपथ घेतली, की पुन्हा कुठल्या जनावराला हात लावणार नाही. स्वतःची म्हैससुद्धा त्यांनी भावाकडं बांधली. श्रावणात, भर पावसात, यशवंतराव बोलवायला आला. यशवंतराव म्हणजे लहानपणचा सोबती, पलीकडच्या आळीतला. त्याची गाय अडली होती, पहिलारू, वासराचे मागचे पाय आधी आलेले. ओढ्याला पाणी होतं, डॉक्टरची गाडी पलीकडंच अडकली. यशवंतरावानं पाय धरले.

"मी गेलो न्हाई," मालोजी म्हणाले. "सकाळपातुर गाय वरडत व्हती. हितं आयकू येत व्हतं. कालवडीसकट गेली."

आतून चहा आला. तो कुणी उचलला नाही. चार महिने निलोफरनं आठ उंदरांचा आणि एका नोकरीचा हिशोब मनाशी मांडला होता. या गायीचं तिला स्वप्नातही माहीत नव्हतं. श्रावणात कुपी फ्रिजमध्येच होती. तेव्हा बोलली असती तर मालोजी उठून गेले असते. तिनं विचारलं, काका, मी काय करू?

मालोजी तिच्यावर रागावले का, हे तिला आजही सांगता येत नाही. ते म्हणाले, "मला काय सांगतीस? यशवंताला सांग जा. त्या दिसापास्नं बोलत न्हाई त्यो माज्यासंगं. जाणूनबुजून आलो न्हाई वाटतं त्याला."

मग ती गेली. पलीकडची आळी दोनशे पावलांवर. वाटेत तिनं काय बोलायचं ते जुळवलं: मणी म्हणजे काय, शेपटी कशाला, रंग कसा बघतात. यशवंतराव गोठ्यात शेण भरत होते. दोन खुंटे होते. एकाला तांबडी गाय बांधलेली, दुसऱ्याचं दावं गुंडाळून ठेवलेलं. कोन तू, म्हणून त्यांनी विचारलं, आणि निलोफरच्या लक्षात आलं, की जुळवलेल्यातलं इथं काहीच कामाचं नाही.

"मी मालोजीकाकांच्या कंपनीतली," ती म्हणाली. "माझी चूक मी लपवली आणि तिचा आळ त्यांच्यावर गेला. आपल्या हातानं जनावरं मरतात, असं त्यांना वाटायला लागलं. म्हणून ते त्या रात्री आले नाहीत. तुमची गाय माझ्यामुळं गेली."

यशवंतरावांनी घमेलं खाली ठेवलं. एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा गुंडाळलेल्या दाव्याकडं. मग ते वळले आणि तांबडीच्या पाठीवर हात फिरवत उभे राहिले. तिनं जावं की थांबावं, तिला कळेना. मग ते तिच्याकडं न बघताच बोलले.

"तुला मी काय बोलू? तू कोन माजी?" ते म्हणाले. "पर मालोजीला जाऊन सांग, ही तांबडी माघात व्यायची हाय. म्हनावं, येशवंतानं बोलावलंय."

निलोफर तो निरोप घेऊन परत निघाली. वाटेत दोनदा थांबली, कारण डोळ्यांपुढचं दिसत नव्हतं. मालोजी अजून ओट्यावरच होते. निरोप ऐकून त्यांनी मान हलवली, उठले, आणि पत्र तिथंच टाकून भावाकडं म्हैस सोडवायला गेले.